तगरीच्या जागची उत्कटारी

सुमन,

त्या सकाळी तुझे केस मी विंचरले. तुझी सून पाणी तापवत होती, बाकीच्या बायका कुठली साडी नेसवायची यावर कुजबुजत होत्या, आणि कोणीतरी माझ्या हातात फणी दिली. सत्तरी ओलांडली तरी केस काय दाट गं तुझे. माझ्या डोक्यावर शेपटीएवढे उरलेत आणि तू मात्र जाताना भरघोस अंबाडा घेऊन गेलीस. मी तो बांधला, पण जरा सैलच झाला. मग घरी येऊन मी तगरीची सगळी फुलं तोडली, कळ्यासुद्धा ठेवल्या नाहीत, आणि ताट भरून तुझ्या छातीवर, हातांवर, उशाशी वाहिली. बायका म्हणाल्या, विजूताईंची तगर बाकी छान फुलते हो. मी मान डोलावली.

त्या तगरीबद्दलच बोलायचं आहे. तुझं तेरावं होऊन गेलं. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत आमचा जावई निखिल, मुग्धाचा नवरा, तुझी एक आठवण सांगून गेला. ती काय ते पुढे सांगते. आधी मला आपलं भांडण एकदा पहिल्यापासून नीट मांडू दे. तू समोर असताना ते कधी जमलं नाही, कारण तू मध्येच हसायचीस आणि माझा मुद्दा हरवायचा.

भांडण एका काटेरी झाडावरून होतं, असं कोणी म्हणेल. आपल्या स्वयंपाकघरांच्या मागे कुंपणाच्या भिंतीलगत जी चार हात रुंद पट्टी आहे, ती मी पस्तीस वर्षं सांभाळली. मोगरा, कृष्णतुळस, गवती चहा, कढीपत्ता. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून टायपिंग करून बोटं आखडून परत यायचे आणि चहाच्या आधी खुरपं हातात घ्यायचे. एक आगंतुक काडी म्हणून मला तिथे खपायची नाही. आणि तू निवृत्त झालीस त्या वर्षी कुठूनशी कागदाच्या पुडीत बिया घेऊन आलीस आणि मला न विचारता त्या पट्टीत टाकल्यास. वर आलेलं रोप बघितलं तर पानापानाला काटे, खालून पांढरी लव, हात लावायची सोय नाही. मी ते उपटून फेकलं. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा म्हणाले, अगं, दिसलंच नाही, तणाबरोबर गेलं असेल. सुमन, मला दिसलं होतं. चांगलं दिसलं होतं.

दुसऱ्या वर्षीही तेच. मग तू कंबरेवर हात ठेवून उभी राहिलीस. तुझी मालवणी रागात आली की बोरिवलीचं सगळं वळण गळून पडायचं.

"तण म्हणजे काय ता सांग माका."

"नको तिथे उगवतं ते तण."

"म्हणजे तुका नको ता तण. मग आपण लालबागसून हंय इलो, तेवा हंयच्या लोकांका आपण पण तणच दिसलो ना गो? उपटल्यानी कोणी?"

मी म्हटलं, माणसांची गोष्ट वेगळी. तू म्हणालीस, "वेगळी कशी, काटे तुकाय हत." आणि हसलीस. झालं, माझा मुद्दा गेला.

तेव्हा कुठे तू मला हौसाबाईंची गोष्ट सांगितलीस. आपण मागच्या पायरीवर बसलो होतो, तू तांदूळ निवडत होतीस. तू प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागलीस तेव्हा तिथे ही हौसाबाई आया होती, घाटावरची, साताऱ्याकडची. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. शिकलेली नव्हती, पण बाईच्या कण्हण्यावरून अजून किती वेळ आहे ते सांगायची. तिच्या गावाकडे बाई अडली की याच काटेरी झाडाची, उत्कटारीची, मुळी तिच्या केसात बांधतात. मूल बाहेर आलं की त्याच क्षणी सोडायची, एक श्वासही जास्त ठेवायची नाही. नाहीतर मुळी बाईलाही ओढून घेते म्हणे. तू नवी होतीस, एका बाळंतपणात तुझे हात लटपटायला लागले, तेव्हा हौसाबाईने एक वाळकी मुळी तुझ्या ॲप्रनच्या खिशात टाकली. ती तू निवृत्त होईपर्यंत खिशात बाळगलीस.

"कधी बांधलीस कोणाला?" मी विचारलं.

"खुळी काय? नोकरी गेली असती माझी."

"मग कशाला ठेवली?"

तू दोन खडे वेचून बाजूला टाकलेस. मग म्हणालीस, "बाई अडली, डॉक्टर अजून येत नाय, पाळण्यासारखी वर-खाली होते ती. तेवा खिशात हात जायचा. मुळी हाताक लागली की हात कापूचो थांबायचो. ती बाईसाठी नाय गो. माझ्या हातासाठी होती."

मला आठवलं. मुग्धाच्या वेळी टेबलावर मी ओरडत होते आणि तू माझ्या पायथ्याशी उभी होतीस, तुझा डावा हात खिशात होता. मला राग आला होता की ही बया खिशात हात घालून काय उभी आहे. मुग्धाला पहिला हात लागला तो तुझाच. माझ्याही आधी तू तिला पाहिलंस.

तर ती जुनी मुळी अखेर भुगा होऊन गेली, आणि हौसाबाईही गेली. म्हणून तू तिच्या गावाला जाऊन बिया आणल्यास. हे आधी सांगितलं असतंस तर मी उपटलं नसतं. नाही, खोटं कशाला बोलू, उपटलंच असतं. पण त्या दिवशी मी तुला एक कोपरा दिला. वर विटा लावून हद्दही घालून दिली, याच्या बाहेर एक पान येता कामा नये. तू हात जोडून म्हणालीस, "सरकार."

आपल्या मातीत तिचं काही खरं नव्हतं. तिला मुरूम हवा, कोरडं ऊन हवं, आणि आपल्याकडे चार महिने नुसता चिखल. मुळं कुजायची. तू शेजारच्या इमारतीच्या कामावरून पिशवीत खडी आणून तिच्याखाली ढीग केलास. चौथ्या वर्षी ती जगली. गुडघ्याएवढी झाली आणि दिवाळीच्या सुमाराला शेंड्यांवर गोंडे धरायला लागले, हिरवट, काट्यांनी भरलेले गोल चेंडू. तू म्हणालीस, आता पंधरा दिवसांत यावर निळसर फुलं येतील, सगळ्या अंगाने एकदम, आणि मग तू कबूल करशील. सोसायटीतल्या मुलांचा फुटबॉल तिच्यावर पडून फुटला तेव्हा सेक्रेटरींनी नोटीस काढली. तू त्यांना जिन्यातच गाठून सांगितलंस, झाड जागेवर उभं आहे, फुटबॉल चालून आला. मला हसू आवरेना. रोज सकाळी ब्रश तोंडात धरून तू त्या गोंड्यांकडे बघत उभी राहायचीस.

आणि तेवढ्यात मुग्धाचे दिवस भरले.

अंधेरीच्या खासगी हॉस्पिटलात पहाटे नेलं तिला. दहा वाजता मीच तुला फोन केला. मीच केला, हे मी नंतर सोयीने विसरले. रडत म्हणाले, सुमन, पोर अडलीय गं, डॉक्टर म्हणतात तीन-साडेतीनपर्यंत बघू, नाहीतर ऑपरेशन. तू एवढंच म्हणालीस, येतंय.

बारा वाजता तू आलीस. साधी घरातली साडी, पायात स्लीपर. वरच्या वेटिंग रूममध्ये विहीणबाई बसलेल्या, त्यांची बहीण बसलेली, ती स्वतः डॉक्टर. सगळं चकचकीत, एसीची थंडी. तू माझ्याजवळ येऊन ओला रुमाल उघडलास. आत बोटाएवढी जाड मुळी, तिला अजून माती. म्हणालीस, "माका आत सोडूचे नाय. तू जाऊन तिच्या केसात गाठ मार. नुसती गाठ."

विहीणबाईंची भुवई वर गेलेली मी पाहिली. त्या बहिणीने तोंड फिरवून हसू दाबलं तेही पाहिलं. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुमन, इथे असला अडाणीपणा नको. तू घरी जा बघू."

तीस-पस्तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला मी हे म्हटलं. त्या खोलीतल्या सगळ्यांनी मिळून जेवढी मुलं जन्माला येताना पाहिली नसतील तेवढी तू एका आठवड्यात पाहिली होतीस. तू रुमाल मिटलास. फक्त म्हणालीस, "बरा. डाव्या कुशीर ठेवा तिका," आणि जिन्याने खाली गेलीस. मी तुला लिफ्टपर्यंतसुद्धा सोडायला आले नाही.

सव्वातीनला सई झाली, ऑपरेशनशिवाय. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला घरी आले आणि मागच्या खिडकीतून बघते तर विटांच्या हद्दीत खड्डा. झाड मुळासकट गेलेलं. गोंडे भिंतीशी पडून सुकलेले. मला कळायला क्षणही लागला नाही. हॉस्पिटलातून तू तणतणत आलीस आणि रागाच्या भरात स्वतःच्या हाताने ते उपटलंस. एवढी नाकावर राग असलेली बाई, दुसरं काय करणार? वाईट वाटलं, पण आतून थोडं बरंही वाटलं, हेही लिहिते. हिशेब फिटला असं वाटलं. मी तुझा अपमान केला, तू मला राग दाखवलास.

तू चहा घेऊन आलीस. बाळाचं वजन विचारलंस, मुग्धाचे टाके विचारलेस. मी खिडकीकडे बघत म्हणाले, "उपटलीस एकदाची? बरं झालं."

तू म्हणालीस, "हो. कामाक इली."

मला तो टोमणा वाटला. त्याच आठवड्यात त्या खड्ड्यात मी डबल तगर लावली. आयता खड्डा होता, खाली तुझी खडी होती, निचरा उत्तम. तगर फोफावली. तू त्यावर काही बोलली नाहीस आणि पुन्हा कधी उत्कटारी लावलीही नाहीस. मी धरून चालले की हा तुझा अबोला आहे, फक्त झाडापुरता. कारण बाकी तू तशीच होतीस. बारशाला कुंची शिवलीस, सईला मालीश केलीस, माझ्या गुडघ्यांना शेक दिलास. तू एकदा तरी भांडली असतीस, तर मी माफी मागितली असती, असं मी स्वतःला सांगत आले. आता वाटतं, माफी मागण्याआधी समोरच्याने भांडायला हवं हा नियम मी कुठून काढला?

एकदा संधी आली होती. दोन वर्षांपूर्वी सईने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. कुठल्याशा थंड देशाने असलंच काटेरी फूल आपलं चिन्ह म्हणून घेतलंय. शत्रू चोरपावलांनी अनवाणी आला, पाय काट्यांवर पडला, ओरडला आणि सगळे जागे झाले, अशी काहीतरी दंतकथा. तू चष्मा चढवून बघत बसलीस. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "बघ गो विजू, त्यांच्याकडे पहारेकरी. आणि आमच्याकडे तुझा खुरपा." सई विचारायला लागली की आपल्याकडे होतं का असं झाड. तू म्हणालीस, "होता एक. तू इलंस तेवा."

मला वाटलं आता बोलावं. शब्द ओठांवर आले होते. पण कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. तीन शिट्ट्या होईपर्यंत आतच उभी राहिले. वरण त्या दिवशी फार शिजलं.

आता निखिलचं. तेराव्याला सगळे आठवणी काढत होते. तुझ्या कढीची, तुझ्या शिव्यांची. निखिल हसत म्हणाला, "सुमनमावशींची माझ्याकडेपण एक आहे. पण त्यांनी वचन घेतलं होतं म्हणून कधी बोललो नाही." आणि सांगायला लागला. सईच्या वेळी दोन वाजता तो औषधं आणायला खाली उतरला. मेडिकलच्या दुकानाबाहेर बाकड्यावर तू बसलेली. अंबाड्यात एक मातकट काडी खोचलेली, मानेवर माती. तो म्हणाला, मावशी, केसात काहीतरी अडकलंय, काढू का? तू त्याच्या हातावर चापट मारलीस. म्हणालीस, हात लावू नकोस. वर मी हंय आहे म्हणून सांगू नकोस. आणि झालं की धावत खाली येऊन पहिलं माका सांग.

"सव्वातीनला मी धावत खाली," निखिल म्हणाला. "म्हटलं, मावशी, मुलगी. तर त्यांनी हसायच्या आधी हात डोक्यामागे नेला आणि ती काडी ओढून काढली. इतक्या घाईने की अंबाडाच सुटला. मग हसल्या. मग विचारलं, मुग्धाचं रक्त किती गेलं. आणि रिक्षा करून गेल्या. वेडी बाई." सगळे हसले. तुझा मुलगाही डोळे पुसत हसला.

मी ताटावरून उठले. मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि तगरीकडे बघत राहिले. एवढी साधी गोष्ट मला नऊ वर्षांत सुचली नाही. बारा वाजता रुमालात ओल्या मातीची मुळी होती. ती कुठून आली असेल? बोरिवलीच्या बाजारात मिळते का? माझा फोन ठेवलास आणि तू खुरपं घेऊन मागे गेलीस. चार वर्षं ज्या फुलांची वाट बघितलीस ती पंधरा दिवसांवर आली असताना झाड मुळापासून खणून काढलंस. माझ्या मुलीसाठी. रागाने नाही. आणि तू तर मला सांगितलंही होतंस. कामाक इली.

मुळीने काही होतं असं मी आजही मानत नाही, सुमन. मुग्धा सुटली ती औषधांनी, आणि डाव्या कुशीनेही असेल. हा वाद आपला राहिलाच, आणि तू मनापासून मानायचीस की नाही हेही मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या बाकड्यावर तू का बसलीस ते कळलं. ज्या पोरीला तू जगात आणलंस ती वर अडलेली आणि तुझ्या हातांना मी दाराबाहेर काढलेलं. त्या हातांचं काय करायचं हे तुला सुचलं नसेल. तिच्या केसांपर्यंत पोचता येईना म्हणून तू ती गाठ स्वतःच्या केसात मारलीस.

पहिल्या रागात मी तगर उपटायलाच निघाले होते. खुरपं घेतलंही. मग तुझा आवाज आला, रुजलेला उपटू नये गो. आणि त्या खड्ड्यातलीच फुलं तुझ्यावर वाहिली गेली, तेही आठवलं. म्हणून तगर राहू दे. विटा मात्र काढल्या. तुझ्या मुलाने तुझ्या वहीतून हौसाबाईंच्या घरचा नंबर काढून दिला. त्यांची नातसून बोलली. म्हटलं, उत्कटारीच्या बिया हव्यात. ती म्हणाली, "अवो मावशी, ती काय मागायची वस्तू हाय? बांधाला ढिगानं उभी हाय, कुनी हात लावत न्हाई. या की तुमी." दिवाळीनंतर सईचा दहावा वाढदिवस झाला की जाणार आहे. गुडघे कुरकुरतील. सई बरोबर येणार म्हणते. तिला झाड दाखवीन आणि तिथेच उभी राहून तिला सगळं सांगीन, वेटिंग रूममध्ये मी काय बोलले तेसुद्धा. मुग्धाला काल सांगितलं. ती म्हणाली, आई, तू मला हे सांगायला इतका उशीर का केलास? मी म्हटलं, मलाच परवा कळलं. पण ते अर्धंच खरं होतं. मी काय म्हणाले होते ते तर मला पहिल्यापासून माहीत होतं.

तुझे केस विंचरताना मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर अंबाडा एवढा सैल बांधला नसता. त्यात मुळी खोचायचा वेडेपणा मात्र केला नसता. तू उठून बसली असतीस आणि ओरडली असतीस, काम झाला की सोडूची असता गो, एक श्वास जास्त ठेवूची नाय. तू सोडलीस. हसण्याआधी सोडलीस. मी नऊ वर्षं केसात गाठ मारून हिंडले आणि त्या गाठीला तुझा राग म्हणत राहिले. आता सोडते. सुमन, अडाणी मी होते. मला माफ कर.

तुझी,
विजू